माळ्यावरचा संगणक आणि हळदीच्या पट्ट्या

सांगलीच्या मार्केट यार्डात जुन्या अडत दुकानांच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला संगणक अजून निघू शकतो. आत फॉक्सप्रोत, म्हणजे त्या काळच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, केलेल्या हळदीच्या पट्ट्या: शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, हमाली, तोलाई. असा डबा खाली उतरला की वायर लावून चालू करून बघायचा मोह होतो. तो आवरा. इतक्या वर्षांत पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकतात, फुगतात; व्होल्टेज भरकटलं की डिस्कचा बोर्डच जळतो. डबा २०१९च्या पुरात बुडाला असेल तर डिस्कला वीज देऊच नका. या डिस्क हवाबंद नसतात. दाब सारखा राहावा म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं, तिथून पुराचं पाणी आत जातं. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

कोरडी डिस्क बाहेर काढा. मागे ४० पिनांची आयडीई जोडणी दिसेल. यूएसबी अडॅप्टर घेताना त्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय आहे ना ते बघा. यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात आणि साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते. डिस्कच्या मागच्या पिनांवरची बारीक टोपी, म्हणजे जंपर, 'मास्टर'वर ठेवा. विंडोजने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा. खरं तर विंडोजला ही डिस्क दाखवूच नये, ते न विचारता तिच्यावर स्वतःचं काहीबाही लिहितं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. पहिल्या फेरीत खराब भाग वगळून चांगलं तेवढं उचलायचं, काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल जपायची, मग उरलेल्या सेक्टरांवर दोन-तीन प्रयत्न. एकेक फाइल कॉपी करायला गेलात तर एका खराब सेक्टरशी झगडताना डिस्क जीव सोडते. टकटक आवाज आला की लगेच बंद.

शे-दोनशे एमबीच्या काही डिस्क अडॅप्टर ओळखतच नाही, कारण त्यांना एलबीए पत्ते, म्हणजे सेक्टरांचे सरळ ओळीने दिलेले क्रमांक, कळत नाहीत. मग नवा सप्लाय जोडून जुनं मशीन चालवावं लागतं. मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी मेल्याने बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, डिस्कच विसरलेला असतो; सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे बहुधा डिस्कच्या लेबलवर सापडतात, ते जसेच्या तसे भरा. मग फाइली नव्या मशीनवर न्यायला सिरियल पोर्टला साधी नव्हे, दोन संगणक थेट जोडणारी नल मोडेम केबल लावा. १,१५,२०० बॉडला सेकंदाला साधारण ११ केबी, म्हणजे ४० एमबीला तासभर. चहा प्या.

इथवर सोपं होतं. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडते, पण नावांच्या रकान्यात चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर जिस्ट कार्डावरचा (संगणकात बसवायचं भारतीय लिप्यांचं कार्ड) इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांचा जुना प्रमाण संकेत, असेल तर नशीब. युनिकोडची देवनागरी त्याच्याच धर्तीवर बेतलेली, अक्षरांचा क्रम जवळपास तोच. एखाद्या फॉन्टच्या स्वतःच्या संकेतात मात्र अक्षरं दिसतात तशी साठवलेली असतात. 'किसन'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी येते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. 'सर्जेराव'चा रफार उलट पुढे 'जे'नंतर बसलेला असतो, तो 'ज'च्या आधी आणावा लागतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि डीबीएफमध्ये फॉन्टचं नाव कुठेच नसतं. म्हणून इमेजमधून डेटासोबत टीटीएफ फॉन्टही काढून ठेवा. बदललेला मजकूर जुन्या रकान्यात परत भरू नका: यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, २० बाइटांच्या रकान्यात नाव अर्ध्यावर तुटतं. स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल, म्हणजे सीएसव्ही, करा, पण ती एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडू नका. खाते क्रमांक ००७ चा ७ होतो.

शेवटी एका हंगामाची बेरीज छापील वहीशी ताडून बघा. जास्त आली तर आधी खोडलेल्या पट्ट्या शोधा. फॉक्सप्रोत ओळ खोडली की तिच्या पहिल्या बाइटमध्ये नुसता तारा पडतो. 'पॅक' ही आज्ञा दिल्याशिवाय ओळ फाइलमध्येच राहते, आणि काही कन्व्हर्टर ताऱ्याकडे बघत नाहीत.