विषाणूजन्य श्वसनविकार आणि छातीतील रक्तस्राव : पार्श्वभूमी

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाची पहिली लाट तुलनेने सौम्य होती. दुसऱ्या लाटेने मात्र ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ बळी घेतले. त्या लाटेतील गंभीर रुग्णांचा घोळणा फुटे, खोकल्याबरोबर रक्तमिश्रित फेस येई, चेहरा निळाजांभळा पडे, अशा नोंदी देशोदेशीच्या डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत. बोस्टनजवळच्या कॅम्प डेव्हन्स छावणीत शवविच्छेदनात रक्ताने जड झालेली फुप्फुसे पाहून विल्यम वेल्च यांच्यासारखे मुरलेले विकृतिशास्त्रज्ञही हादरले. पुढे जतन केलेल्या ऊतींच्या तपासणीतून बहुतेक मृत्यूंमध्ये जिवाणूंचा न्यूमोनियाही सामील असल्याचे दिसले, त्यामुळे सगळा दोष एकट्या विषाणूवर टाकता येत नाही.

हा रक्तस्राव प्रत्यक्ष फुप्फुसाच्या वायुकोशांत होता. फुप्फुसावरील दोन आवरणांमधल्या पोकळीत रक्त साठणे, म्हणजे हिमोथोरॅक्स, ही निराळी गोष्ट असून ती बहुधा मार लागल्याने होते. छातीत पाणी झाले म्हणून सुईने काढलेला द्रव लालसर असला, तरी तेवढ्यावरून हे निदान होत नाही, कारण थोडेसे रक्तही पुष्कळ पाणी रंगवते. द्रवाचे हिमॅटोक्रिट, म्हणजे त्यातील तांबड्या पेशींचे प्रमाण, रुग्णाच्या रक्तातील हिमॅटोक्रिटच्या निम्मे किंवा अधिक भरावे लागते.

कोविडच्या काळात मार न लागताही हिमोथोरॅक्स झालेल्या मोजक्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तोवर उपचारांचे चित्र पालटले होते. १९१८ साली हेपरिन हे रक्त गोठू न देणारे औषध रुग्णांच्या वापरात नव्हते. २०२० मध्ये मात्र रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीने ते सर्रास, कधी मोठ्या मात्रेत, दिले गेले. २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत मध्यम आजारी रुग्णांना मोठ्या मात्रेचा फायदा झाला, पण गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ०.९ वरून १.९ टक्क्यांवर गेले; अतिदक्षता विभागातील रुग्णांना फायदा झालाच नाही, आणि त्यांच्यात ते २.३ ऐवजी ३.८ टक्के भरले. हे आकडे शरीरात कुठेही झालेल्या रक्तस्रावाचे आहेत, हे विसरता कामा नये.

तरीही प्रत्येक वेळी हेपरिनलाच जबाबदार धरणे माझ्या मते घाईचे ठरेल. फुप्फुसातली हवा पोकळीत शिरून आवरणांमधले चिकटे, म्हणजे दोन्ही आवरणांना जोडणारे पट्टे, ताणले गेले, की त्यांतली रक्तवाहिनी तुटू शकते. गुठळीमुळे मृत झालेला फुप्फुसाचा भागही फुटू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन अचानक उतरून एक्स-रेत छातीची एक बाजू पांढरी दिसू लागली, तर केवळ औषध थांबवून न राहता रक्त नेमके कुठून येते आहे हे सीटी स्कॅनवर शोधावे लागते.