आठवणीपोटी कार्टून आणि आवडीपोटी कार्टून

चाळिशीतला माणूस सोफ्यावर पाय पसरून लहान पोरांचं कार्टून बघत बसला, की कोल्हापुरात त्याला दोनपैकी एक शेरा ठरलेला. "लहानपण आठवलं वाटतं!" नाहीतर "खुळा झालास काय रे?" पहिला शेरा मायेचा, दुसरा टिंगलीचा. पण दोन्ही शेरे मारणारे एकच धरून चालतात, की अशी सगळी माणसं एकाच कारणासाठी बघतात. तसं नाही. काहीजण आठवणीपोटी बघतात आणि काहीजणांना ते कार्टूनच आवडलेलं असतं. बाहेरून दोघं अगदी सारखे दिसतात, म्हणून घोळ होतो.

मंगळवार पेठेतला माझा आतेभाऊ पहिल्या जातीतला. पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की हा शाहू स्टेडियम सोडून कुठं सापडायचा नाही, आणि घरी असला की मोगली लावतो. ही मालिका मूळची जपानी, 1989 सालची. आपल्याकडं 1993 मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली, गुलजारांचं शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाजांची चाल घेऊन. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. एकदा मी त्याला तीच मालिका मूळ जपानी आवाजात लावून दिली. दोन मिनिटं झाली नाहीत तोवर, "हे न्हवं भावा, ते आपलं लाव."

चित्रं तीच होती, गोष्टही तीच होती. नव्हतं ते नानाचा आवाज, ते गाणं, रविवारची सकाळ आणि आतून येणारा मटणाच्या फोडणीचा वास. त्याला हवं होतं ते पडद्यावर थोडं आणि पडद्याच्या भोवती जास्त. म्हणूनच शीर्षकगीत तो मान डोलवत पूर्ण ऐकतो आणि गोष्ट सुरू झाली की मोबाइल हातात घेतो. आठवणीपोटी बघणारा ओळखायची सगळ्यात पक्की खूण हीच. नवा भाग लावलात तर तो बघणार नाही, जुन्याच भागाची पारायणं करेल.

राजारामपुरीतल्या मावसबहिणीचं प्रकरण वेगळं. ती 'ब्लूई' बघते. मुलगी झोपल्यावरसुद्धा बघते. कोणी हसलं तर म्हणते, "मी बघतो की, त्यात काय झालं?" (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडं मुली असंच बोलतात.) हे कार्टून ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचं, 2018 मध्ये सुरू झालेलं. म्हणजे तिच्या लहानपणी ते नव्हतंच. आठवण येणार कुठून? साधारण सात मिनिटांचा एक भाग, कुत्र्यांचं एक चौकोनी कुटुंब, सहा वर्षांची ब्लूई, चार वर्षांची बिंगो आणि पोरींच्या खेळात सतत ओढले जाणारे आईबाप. निर्माता जो ब्रम यानं स्वतःच्या मुलींचे खेळ बघत बघत हे रचलं.

त्यातला 'स्लीपीटाइम' हा भाग नीट बघा, मग मुद्दा कळेल. बिंगोला आज रात्रभर आपल्याच पलंगावर, मोठ्या मुलीसारखं झोपायचंय. झोपेत ती ग्रहांमधून तरंगत जाते, सोबत तिचा ससा, आणि मागं संगीतकार होल्स्टच्या 'ज्युपिटर'ची सुरावट. चार वर्षांच्या पोरीला एवढंच दिसतं आणि पुरतं. पण त्याच वेळी घरात दुसरी गोष्ट चालू असते: पोरी उठून आईबापाच्या पलंगावर येतात, बापाच्या तोंडावर लाथ बसते, शेवटी कोण कुठं झोपलंय याचा हिशेबच राहत नाही. ज्यांच्या घरी तान्हं पोर झालंय त्यांना ही रात्र पाठ असते. एकाच सात मिनिटांत दोन गोष्टी, दोन वयांसाठी, आणि एकीमुळं दुसरीला धक्का नाही. हे लिहायला फार कठीण आहे. ते ओळखून दाद देणाऱ्या बाईला खुळी म्हणणारा माणूस, माझ्या मते, पुरणपोळीत फक्त गूळ मोजतो.

हा दुसरा थर काही अपघातानं येत नाही. अमेरिकेत 1969 मध्ये 'सेसमी स्ट्रीट' हा पोरांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला तेव्हाच त्यात मोठ्यांना हसवणारे विनोद मुद्दाम पेरले होते, कारण आईबाप शेजारी बसले तर पोर जास्त शिकतं.

खरी गुंतागुंत पुढं आहे. आपण ज्याला 'लहान पोरांचं' म्हणतो त्यातलं बरंच मुळात पोरांसाठी नव्हतंच. 'टॉम अँड जेरी' 1940 मध्ये आलं ते थिएटरात, मुख्य सिनेमाच्या आधी सगळ्यांनी बघावं म्हणून. 'शिनचॅन'ची मूळ चित्रकथा 1990 मध्ये जपानात मोठ्या पुरुषांच्या साप्ताहिकात सुरू झाली; आपल्याकडं ती पोरांच्या चॅनलवर आली. आपल्या कोल्हापुरात 1929 साली उभ्या राहिलेल्या 'प्रभात' फिल्म कंपनीनंही पुण्याला गेल्यावर 1934 मध्ये 'जंबूकाका' हे कार्टून केलं होतं. तेव्हा हे बघणाऱ्या मोठ्यांना कोणी टोकलं असेल असं वाटत नाही.

उलट सगळंच पोरांचं कार्टून मोठ्यांना आवडून बघण्यासारखं असतं असंही नाही. 'छोटा भीम' 2008 चं. लाडू खाल्ला, ठोसा मारला, गाव वाचलं. पंचविशीनंतर पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यात फारसं काही मिळेल असं मला वाटत नाही. पण तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता नोकरीला लागली आहेत आणि डबा खाताना भीमच लावतात. ते आठवणीपोटी, त्याला गुणवत्तेचा दाखला लागत नाही.

एकाच माणसात हे दोन्ही असू शकतं, किंवा एकातून दुसरं निघतं. आतेभावानं हल्ली 'डोरेमॉन' सुरू केलंय, पोरासोबत. पोराचं लक्ष गॅजेटवर असतं, ह्याचं नोबिताच्या आईवर. परवा ती नोबिताला शून्य मार्कांवरून झापत होती, तर हा मध्येच म्हणाला, "लहानपणी बघितलं असतं तर ही बाई मला लय वंगाळ वाटली असती. बरोबर बोलतीय की ती!"