हाडं दाट, मोडतातही. पण आजार कोणता? ऑस्टिओपेट्रोसिस आणि पिक्नोडिसॉस्टोसिस

एक्स-रेवर हाडं नको इतकी पांढरी दिसतात आणि तरी मूल साध्या ठेचेनं पाय मोडून घेतं. एवढ्यावर रिपोर्टात ‘ऑस्टिओपेट्रोसिस?’ असं लिहून येतं. घरचे मोबाईलवर तो शब्द शोधतात आणि डिचोलीहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत पार खचून जातात. पुढचं प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही. मी दातांचा डॉक्टर. असा रुग्ण उभ्या प्रॅक्टिसमध्ये एखादाच भेटतो, पण तो बहुधा दातांच्या तक्रारीनं येतो. हाडांचं मागाहून निघतं. आणि ते निघाल्यावर त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर दर वेळी ‘हो’ असंच येईल असं नाही. पिक्नोडिसॉस्टोसिस नावाचा दुसरा आजार एक्स-रेवर तसाच पांढरा दिसतो.

‘हाडं घट्ट आहेत म्हणता, मग मोडतात कशी?’ हा घरातल्या आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे. हाड जन्मभर झिजवलं जातं आणि नव्यानं भरलं जातं. झिजवण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट या पेशींकडे असतं आणि ते दोन टप्प्यांत चालतं. पेशी आधी हाडाला चिकटून आम्ल सोडते, त्यात कॅल्शियमचा भाग विरघळतो. मग मागे राहिलेलं कोलॅजन कॅथेप्सिन-के नावाचं विकर कापून काढतं. ऑस्टिओपेट्रोसिसच्या बहुतेक प्रकारांत पहिलाच टप्पा अडतो. आम्लाचा पंप बनवणारं टीसीआयआरजी-१ हे जनुक बिघडलेलं असतं, नाहीतर त्या पंपाला साथ देणारं सीएलसीएन-७. पिक्नोडिसॉस्टोसिसमध्ये आम्ल ठीक सुटतं, पण कॅथेप्सिन-के काम करत नाही आणि कोलॅजन तसंच राहतं. काम रखडतं, पण ठप्प होत नाही. जुनं हाड साचत जातं ते दोन्हीकडे, आणि साचलेलं हाड लवचीक नसतं. म्हणून ते खडूसारखं आडवं तुटतं.

ऑस्टिओपेट्रोसिसचं पहिलं वर्णन जर्मन क्ष-किरणतज्ज्ञ अल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ साली केलं. त्याचा तान्ह्या मुलांतला प्रकार सर्वांत वाईट. साधारण अडीच लाख जन्मांमागे एखाद्या मुलात तो दिसतो. आई-वडील दोघंही बिघडलेल्या जनुकाचे वाहक असतात, स्वतः ठणठणीत. इथे हाडं मोडणं ही खरी चिंता नाहीच. हाडातली मगजाची (म्हणजे अस्थिमज्जेची, जिथे रक्त बनतं) पोकळी भरून येते आणि रक्त तयार व्हायला जागा उरत नाही. मूल पांढरंफटक पडतं, प्लेटलेट घटतात, जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत. रक्त बनवण्याचं काम यकृत आणि प्लीहा अंगावर घेतात, म्हणून पोट फुगतं. कवटीतली नसांची भोकं अरुंद होतात. नजर स्थिरावत नाही, बाळ आईच्या तोंडाकडे पाहत नाही, पुढे ऐकू येणंही कमी होतं. नाक कायम चोंदलेलं, आणि घरात ‘सर्दी आहे, जाईल’ असं म्हणण्यात महिने निघून जातात.

एक गोष्ट ऐकून डॉक्टरही दचकतात: हाडांत कॅल्शियम ठासून भरलेलं असताना रक्तात ते कमी पडतं. हाडातून बाहेर काढणारी यंत्रणाच बंद असते ना! नवजात बाळाला त्यामुळे झटके येऊ शकतात, आणि काहींना दाट हाडांसोबत मुडदूसही होतो. नाचणीचं तिझान जास्त पाजलं म्हणून हे झालं नाही, आणि कमी पाजलं म्हणूनही नाही. आईला हे स्पष्ट सांगायला हवं, कारण गावात दोष तिच्याच माथी येतो.

याच आजाराचा मोठेपणी कळणारा प्रकार बराच सौम्य असतो. एका पालकाकडूनही तो येतो. कित्येकदा मांडीचं हाड मोडल्यावर किंवा अक्कलदाढेचा एक्स-रे काढल्यावर अचानक सापडतो.

पिक्नोडिसॉस्टोसिस १९६२ साली मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी वेगळा काढला. जनुक सापडलं १९९६ मध्ये. चित्रकार तुलूझ-लोत्रेकला हाच आजार असावा असं मारोतो-लामींचं मत होतं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण त्याचे आई-वडील सख्खी मावस भावंडं होती आणि कोवळ्या वयात त्याच्या दोन्ही मांड्या मोडल्या होत्या, हे खरं. या आजारात मगजाची पोकळी बहुधा शाबूत राहते, म्हणून रक्त सहसा बिघडत नाही. बुद्धी उत्तम, आयुष्यही सहसा पूर्ण. माणूस मात्र ठेंगणा राहतो, बहुधा दीडशे सेंटिमीटरच्या आत.

आता वेगळं ओळखायचं कसं? माझ्या मते सगळ्यात आधी माणसाचा हात हातात घ्यावा. बोटं आखूड, टोकं बोथट, नखं रुंद. हाताच्या एक्स-रेत शेवटच्या पेरांची हाडं टोकाकडून विरून गेलेली. हे पिक्नोडिसॉस्टोसिसचं. मग माथ्यावर बोट फिरवावं: विशीतल्या माणसाच्या टाळूवरही खळगा लागतो, कारण ती भरलेलीच नसते. जबड्याच्या एक्स-रेत खालच्या जबड्याचा कोन जवळजवळ सपाट झालेला, दुधाचे दात अजून ठाण मांडून आणि त्यांच्यामागे पक्के दात दाटीवाटीनं उभे. ऑस्टिओपेट्रोसिसमध्येही दात उशिरा येतात किंवा अडकतात, त्यामुळे नुसत्या दातांवरून निकाल देऊ नये. तिथे कणा पाहावा: मणक्यांचे वरचे-खालचे काठ गडद पांढरे, मधला पट्टा फिकट. आणि हाडाच्या आत आणखी एक हाड असल्यासारखी रेघ. नवजात बाळाची हाडं तशीही जरा दाटच दिसतात, हेही ध्यानात असू द्यावं.

रक्ताची साधी तपासणी, कॅल्शियम, ते रक्तात सांभाळणारं पॅराथायरॉइड हॉर्मोन, डोळ्यांची आणि कानांची तपासणी एवढ्यानं चित्र बरंचसं उघडं होतं. हाडाचा तुकडा काढायची सहसा गरज पडत नाही. शेवटचा शब्द जनुकचाचणीचा, आणि ती नुसतं नाव ठरवण्यासाठी नसते. तान्ह्या मुलांच्या ऑस्टिओपेट्रोसिसवर मूळपेशींचं प्रत्यारोपण हा खरा उपाय, कारण ऑस्टिओक्लास्ट रक्ताच्या मूळपेशींतूनच तयार होतात. ते नजर जाण्याआधी व्हावं लागतं. गेलेली नजर सहसा परत येत नाही. पण दोष रँक-लिगँडच्या, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट घडवायचा इशारा देणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात असेल तर प्रत्यारोपणाचा उपयोग नाही, आणि ओएसटीएम-१ या जनुकात असेल तर मेंदूची हानी त्यानं थांबत नाही. पिक्नोडिसॉस्टोसिसला तर प्रत्यारोपण लागतच नाही. तिथे मोडलेली हाडं सांभाळायची, दातांची निगा राखायची आणि झोपेत श्वास अडतो का ते पाहायचं.

आमच्या खुर्चीवर मात्र दोघांना नियम एकच. दाढ काढताना जबडा मोडू शकतो, आणि जखम न भरता हाडात पू धरला तर महिनोन् महिने पुरतो. म्हणून कीड लागू न देणं सगळ्यात स्वस्त. दात काढावाच लागला तर आधी हाडांचा आजार सांगा, जुने एक्स-रे बरोबर आणा. पूर्ण भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच दाखवा, कारण पिक्नोडिसॉस्टोसिसच्या लहान जबड्यातून श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं.

घरी दुसरं मूल हवं असेल आणि आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला धोका चारात एक. पहिल्या मुलाचा जनुकदोष नेमका माहीत असेल तरच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, म्हणून तो रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा.