गंजाच्या नकाशात कल आणि वेळही उमटतात

धातूचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा गंजत नाही. एका ठिकाणी तो विरघळत असतो, तर शेजारीच ऑक्सिजन त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेत असतो. हा फरक टिपण्यासाठी स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोप वापरतात. काचेत बसवलेल्या, २५ मायक्रोमीटर व्यासाच्या प्लॅटिनम तारेचे टोक द्रावणातून धातूच्या अगदी जवळून फिरते आणि प्रत्येक बिंदूवर विद्युतप्रवाह मोजते. त्यावरून रंगीत नकाशा तयार होतो. पण हा प्रवाह खालच्या रासायनिक क्रियेइतकाच टोकाच्या उंचीवरही ठरतो आणि घात होतो तो इथेच.

समजा, सुरुवातीला टोक १० मायक्रोमीटर उंचीवर आहे आणि नमुना १ अंशाने कललेला आहे. १ मिलिमीटर जाताना उंचीत १७ मायक्रोमीटरचा फरक पडतो. म्हणजे चढ असेल तर निम्म्याच्या थोडे पुढे टोक धातूला घासते, काचेच्या कडेचा टवका उडतो. उतार असेल तर रंग कडेपर्यंत संथपणे बदलत जातो आणि तो गंजाचाच फरक वाटतो. म्हणून आधी तीन कोपऱ्यांवर टोक हळूहळू खाली आणून प्रवाह कसा बदलतो ते पाहावे आणि तिन्हीकडची उंची जुळेपर्यंत बैठकीचे स्क्रू फिरवावेत. एवढे करूनही गंजाचे थर मध्येच फुगून वर येतात, ते वेगळेच.

वेळेचे गणितही विसरू नये. १ मिलिमीटर चौरसात दर २० मायक्रोमीटरवर एक मोजणी म्हटली, तर २,६०१ बिंदू होतात. प्रत्येकी १ सेकंद धरला तरी ४३ मिनिटे. स्टेनलेस स्टीलवरचे काही सूक्ष्म खड्डे तर काही सेकंदांतच पुन्हा झाकले जातात! शेवटी पहिली ओळ पुन्हा स्कॅन करावी. ती जुळली नाही तर दरम्यान पृष्ठभाग किंवा टोक बदलले आहे.

काही वेळा मोजणीच गंज वाढवते. टोकाला प्रवाह मोजता यावा म्हणून द्रावणात घातलेल्या फेरोसीनमेथॅनॉल या संयुगाचे टोकाशी ऑक्सिडीकरण होते, म्हणजे ते इलेक्ट्रॉन गमावते, आणि तयार झालेले आयन लोखंडाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. विद्युतदाब ज्याच्या तुलनेत मोजतात त्या संदर्भ इलेक्ट्रोडमधल्या पोटॅशियम क्लोराइडमधून क्लोराइड झिरपले, तर एरवी पडले नसते असे खड्डे पडू शकतात. तिथे इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्यामध्ये क्लोराइड नसलेल्या क्षाराच्या द्रावणाचा सेतू जोडावा.

स्कॅन संपल्यावर टोक ताज्या द्रावणात, पृष्ठभागापासून दूर तपासावे. १ मिलिमोलर संहतीच्या फेरोसीनमेथॅनॉलमध्ये २५ मायक्रोमीटरचे टोक सुमारे ३.४ नॅनोअँपिअर देते. आकडा बराच खाली असेल तर टोकावर थर बसलेला असतो. तो नेमका कधी बसला हे नकाशावरून कळत नाही, म्हणून टोक पॉलिश करून स्कॅन पुन्हा घ्यावा.