आखाताचा वायू, नाशिकची द्राक्षं आणि मधली थंडी

फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये शिरलं की बाहेरचं ऊन दारातच राहतं. सकाळी तोडलेले घड क्रेटमधून येतात, बाया कात्रीने खराब मणी काढतात आणि पेट्या लगेच प्रीकूलिंगला जातात. घाई करावीच लागते. वेलीवरून तुटला तरी घडाचा श्वास चालूच असतो, त्यात साखर खर्च होते आणि देठातलं पाणी उडत राहतं. तापमान १० अंशांनी उतरवलं की हा श्वास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून गार हवा पेट्यांमधून जोराने ओढून आधी मण्यांच्या आतली उष्णता काढतात, मग शून्य अंशाच्या आसपास साठवतात. पेटीत ग्रेप गार्डचा कागद असतो. ओलावा लागला की त्यातलं सोडियम मेटाबायसल्फाइट थोडा थोडा सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि बुरशी दबून राहते. दुबईत पेटी उघडल्यावर देठ हिरवा दिसला पाहिजे, भाव त्यावर ठरतो.

ही द्राक्षं ज्या अरबी समुद्रातून दुबईला जातात, त्यातूनच आपल्याकडे येणारा माल मात्र याहून कितीतरी थंड असतो. कतारच्या रास लफानला नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार करून त्याचा द्रव करतात. आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं, तेव्हा कुठे तो जहाजाने नेणं परवडतं. आधी त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड काढावा लागतो, नाहीतर तेच गोठून नळ्या तुंबतात. गुजरातेत दहेजला त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करतात. आयात वायूचा मोठा वाटा खत कारखान्यांकडे जातो. तिथे मिथेनमधला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन जोडून अमोनिया होतो, अमोनियापासून युरिया, आणि तो निफाडच्या कांद्याला पडतो.

एवढा खर्चिक पसारा उद्याच्या भावाच्या भरवशावर कोणी उभारत नाही. १९९९ मध्ये कतारशी झालेला वायूखरेदीचा करार २०२८ पर्यंत चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो वर्षाला ७५ लाख टनांसाठी पुढे २० वर्षं वाढवला. संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून व्यापक व्यापार करार लागू आहे, त्याने अनेक मालांवरचं शुल्क उतरलं.

पण शुल्क उतरलं म्हणजे बागायतदाराला भावाची हमी मिळाली, असं नाही. वायूला वीस वर्षांचा शब्द मिळतो, द्राक्षाचा सौदा दर हंगामाला बागेच्या बांधावर नव्याने होतो. माझ्या मते आखाताशी असलेल्या या भागीदारीतली खरी उणीव हीच आहे. तोडणीच्या तोंडावर अवकाळी बरसला की मणी तडकतात, आणि तडकलेला मणी कितीही गार केला तरी टिकत नाही.