कव्हर लेटर, लेखा इंटर्नशिपसाठीचे

कव्हर लेटर, लेखा इंटर्नशिपसाठीचे : हिशेब, लेखापरीक्षण किंवा कर या क्षेत्रांत शिकाऊ म्हणून काम मिळावे यासाठी विद्यार्थी वा नवपदवीधर जो अर्ज करतो, त्यात रेझ्युमेच्या जोडीने जाणारे एक पानी पत्र. आजवर काय काय केले ते रेझ्युमेत असते. त्यातले या जागेसाठी कामाचे काय, ते पत्रात. लांबी साधारण २५० ते ४०० शब्द, परिच्छेद तीन किंवा चार. इतर क्षेत्रांतल्या अशा पत्रांहून याचे वेगळेपण वाचणाऱ्यामुळे येते. तो माणूस दिवसभर पुरावे तपासत असतो. व्हाउचर (खर्चाचा कागदी पुरावा) नसेल तर खर्च मान्य करायचा नाही ही त्याची सवय आणि ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘बारकाईने काम करणारा’ ही विशेषणे त्याच्या लेखी बिनव्हाउचरचा खर्च असतात.

नोकरीच्या पत्राचे सगळ्यात प्रसिद्ध जुने उदाहरण म्हणून लिओनार्दो दा व्हिंचीचे पत्र दाखवले जाते. साधारण १४८२ च्या सुमारास, तिशीत असताना, त्याने मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून ते तयार केले. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. क्रमांक घालून त्याने आपली कौशल्ये मांडली आहेत, ती जवळजवळ सगळी युद्धोपयोगी : हलवता येणारे पूल, वेढ्याची साधने, झाकलेले रथ. चित्रकलेचा उल्लेख शेवटाकडे, जाता जाता. समोरच्याला त्या वेळी चित्रकार नको होता, हे त्याने ओळखले होते. शिवाय, यातले काही अशक्य वाटत असेल तर तुमच्याच बागेत करून दाखवतो, अशी तयारीही शेवटी दर्शवली आहे. समोरच्याची गरज आधी आणि दाव्यासोबत पडताळणीची सोय, या दोन्ही गोष्टी लेखा क्षेत्रातल्या पत्राला जशाच्या तशा लागू पडतात. योगायोग असा की दुहेरी नोंद पद्धतीचे (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत, एकदा नावे आणि एकदा जमा, लिहिण्याच्या रीतीचे) पहिले छापील विवेचन १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध करणारा लुका पाचोली पुढे याच लुदोविकोच्या दरबारी आला आणि लिओनार्दोचा सहकारी झाला.

अनुभव नसताना लिहायचे काय, ही उमेदवाराची खरी अडचण. इंटर्नशिप अनुभवासाठीच असते, त्यामुळे पूर्वानुभवाची अपेक्षा कमी असते. पण पुराव्याची अपेक्षा कमी नसते. महाविद्यालयातल्या मंडळाचा जमाखर्च, सहलीची वर्गणी, घरच्या व्यवसायाची बिले, दुकानात गल्ल्यावर बसून केलेला रोजचा मेळ, अभ्यासक्रमातला ताळेबंदाचा प्रकल्प, यातले काहीही चालते, सांगण्यात तपशील असेल तर. ‘मंडळाचे आर्थिक व्यवहार यशस्वीपणे सांभाळले’ या वाक्यावर विश्वास ठेवायला वाचणाऱ्याकडे कारण नसते. त्याच उमेदवाराचे पुढचे वाक्य वेगळे पडते :

‘विद्यार्थी मंडळाची खजिनदार असताना एका महिन्याच्या शेवटी आमच्या वहीतली बँक शिल्लक पासबुकापेक्षा ३६० ने जास्त येत होती. फरकाला ९ ने भाग जात होता, म्हणून आधी उलटे पडलेले अंक शोधले. वर्गणीचे १,२६० आम्ही १,६२० असे नोंदले होते. त्यानंतर मी महिनाअखेरीची वाट न पाहता दर आठवड्याला जुळवणी करू लागले.’

रक्कम किरकोळ आहे, संस्था लहान आहे, पण लेखा विभागातला कोणीही इथे थांबतो. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, कारण दशकाचा अंक एककाच्या जागी गेला की त्या अंकाच्या नऊपट रक्कम घटते आणि एककाचा अंक दशकात गेला की त्याच्या नऊपट वाढते. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. दशांशचिन्ह किंवा शून्य सरकल्यानेही ९ ने भाग जाणारा फरक पडतो. हे ठाऊक असलेला उमेदवार ‘आधी शोधले’ असे लिहितो, ‘म्हणून कळले’ असे लिहीत नाही. तीन-चार वाक्यांत चूक, ती शोधण्याची रीत आणि पुढची खबरदारी एवढे सगळे येऊन गेले आणि ‘बारकाईने’ हा शब्द एकदाही लागला नाही.

पत्राची सुरुवात जागेच्या नेमक्या नावाने आणि कालावधीने करावी, कारण एकाच कार्यालयात लेखापरीक्षण, कर आणि वेतन विभाग यांच्या इंटर्नशिप एकाच वेळी चालू असू शकतात. कोणत्या तारखेपासून कधीपर्यंत येऊ शकतो, परीक्षा मध्ये येते का, हे पहिल्या किंवा शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट सांगितलेले बरे. या कामाला हंगाम असतो. वर्षअखेर आणि विवरणपत्रांच्या मुदती यांच्या आसपास माणसे कमी पडतात. नेमक्या त्याच आठवड्यांत आपण मोकळे आहोत, ही माहिती चांगल्या गुणांइतकीच वजनदार ठरू शकते. बरेच जण ती लिहायची विसरतात.

कार्यालयाच्या प्रकारानुसार पत्राचा मजकूर बदलतो. लेखापरीक्षण संस्थेला नमुना निवडून कागद तपासणारा, अनोळखी माणसाला संकोच न बाळगता प्रश्न विचारणारा आणि काय तपासले त्याची टिपणे नीट ठेवणारा माणूस हवा असतो. कंपनीच्या लेखा विभागाला पुरवठादारांची बिले, येणी-देणी आणि महिनाअखेरीचे काम वेळेत उरकणारा हवा असतो. कर सल्लागाराकडे नियम वाचून लावण्याची तयारी लागते. सेवाभावी संस्थेत देणगी ज्या कारणासाठी आली त्याच कारणासाठी खर्च झाली का, याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. लेखापरीक्षणाच्या आवडीबद्दल भरभरून लिहिलेले पत्र कर विभागाकडे गेले, तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही वाया जाते. हिशेबाच्या भाषेत ही तत्त्वाची चूक : यंत्राची खरेदी दुरुस्ती खर्चात टाकली तरी तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची बेरीज सारखी येते का ते पाहणारी यादी) जुळतेच, पण नफा आणि मालमत्ता दोन्ही चुकलेले असतात.

तेरीज न पकडणाऱ्या इतर चुकाही या पत्रांत भेटतात. सर्वात वारंवार दिसणारी म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर पडलेली नोंद : आधीच्या अर्जातले संस्थेचे नाव तसेच राहून जाते. त्या खालोखाल रेझ्युमेशी न जुळणारे आकडे. पत्रात ‘दोन वर्षे’, रेझ्युमेत चौदा महिने. पत्रात एक टक्केवारी, गुणपत्रिकेवर दुसरी. हे बहुधा गोळाबेरीज करून लिहिल्यामुळे होते, लबाडीने नव्हे. पण दोन कागद शेजारी ठेवून फरक काढणे हाच ज्याचा धंदा, त्याच्यापुढे न जुळलेला आकडा हा खुलासा मागणारा आकडा असतो. शब्द तपासणारे सॉफ्टवेअर यातले काहीच दाखवत नाही. पत्र छापून, प्रत्येक संख्या, तारीख आणि नावावर बरोबरची खूण करत रेझ्युमेशी ताडून पाहणे हा जुना हिशेबनिसी उपाय इथे चालतो.

संगणकीय कौशल्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नसते. व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर १९७९ मध्ये आणि एक्सेल १९८५ मध्ये आले. तेव्हापासून स्प्रेडशीट हे या धंद्याचे रोजचे हत्यार आहे. त्यामुळे ‘एक्सेल येते’ म्हणणे म्हणजे सुताराने करवत धरता येते म्हणण्यासारखे. पिव्हट टेबल (लांब यादीचा गटवार गोषवारा) कशासाठी वापरले, दोन याद्या कोणत्या सूत्राने ताडल्या, एवढे एक वाक्य पुरे. न येणारे सूत्र लिहू नये; मुलाखतीत कोरी शीट उघडून ‘करून दाखवा’ म्हणणारे लोक असतात.

गोपनीयतेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत पाच मूलभूत तत्त्वे आहेत : सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता व योग्य काळजी, गोपनीयता आणि व्यावसायिक वर्तन. पत्र लिहिताना पहिले आणि चौथे तत्त्व एकमेकांना अडवतात असे वाटते, कारण तपशील द्यायचा तर ज्याचे काम केले त्याचे आकडे उघडे पडतात. वाट अशी की पद्धत सांगावी, ओळख झाकावी. ‘एका किरकोळ विक्रेत्याची तीन महिन्यांची खरेदी बिले संगणकात चढवली आणि दुबार नोंदलेली बिले वेगळी काढली’ यात विक्रेत्याचे नाव नाही, उलाढाल नाही, तरी काम दिसते. याउलट आधीच्या मालकाची उधारी किती थकली होती हे रंगवून सांगणारा उमेदवार उद्या आपल्याबद्दलही बाहेर हेच सांगेल, असा विचार वाचणारा करतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

कमी गुण, मध्येच सुटलेले वर्ष किंवा बदललेली शाखा यांचा खुलासा पत्रात करावा का, यावर मतभेद आहेत. कारण एका वाक्यात मावत असेल तर द्यावे, परिच्छेद लागत असेल तर मुलाखतीवर सोडावे, ही रीत बरी वाटते. लपवलेली गोष्ट गुणपत्रिकेत सापडतेच.

तयार नमुने आणि मजकूर लिहून देणारी यंत्रे यांमुळे अलीकडे एका साच्यातली पत्रे ढिगाने येऊ लागली आहेत. ‘आपल्या नामांकित संस्थेत माझ्या ज्ञानाचा उपयोग करण्याची संधी’ ही ओळ संस्थेचे नाव बदलून कुठेही बसते, त्यामुळे ती कुठेच बसत नाही. नमुन्याचा सांगाडा घेण्यात वावगे नाही, ताळेबंदाचाही सांगाडा ठरलेलाच असतो. आत भरायचे आकडे मात्र ज्याचे त्याला आणावे लागतात.

पत्र ईमेलने जात असल्यास तोच मजकूर ईमेलमध्ये पुन्हा उतरवत नाहीत. तिथे दोन-तीन ओळी आणि पत्र, रेझ्युमे पीडीएफ स्वरूपात जोडलेले. फाइलच्या नावात उमेदवाराचे नाव आणि जागेचे नाव असते. ‘अंतिम नवीन २’ अशा नावाची फाइल आली की आवृत्त्या कशा सांभाळल्या जातात याचा अंदाज पत्र उघडण्याआधीच येतो. विषयाच्या ओळीत जाहिरातीतला संदर्भ क्रमांक दिलेला असेल तर तो लिहितात, आणि पाठवण्यापूर्वी जोडलेली फाइल एकदा उघडून पाहतात.