प्रोसेस ग्रुप आणि सीग्रुप: नावं सारखी, भरवसा वेगळा

लिनक्सवर एखादं काम त्याच्या सगळ्या पिलावळीसकट थांबवायचं म्हटलं की हे दोन शब्द समोर येतात. दोन्ही म्हणजे प्रोसेसचे (चालू असलेल्या प्रोग्रॅमचे) गटच. फरक आहे तो गटात कोण राहील हे कोण ठरवतं, यात.

प्रोसेस ग्रुप शेलच्या, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सोयीसाठी आहे. कंट्रोल-सी दाबलं की टर्मिनलवर पुढे चालू असलेल्या अख्ख्या ग्रुपला सिगइंट (काम तोडण्याचा सिग्नल) जातो. 'किल' या आज्ञेला ग्रुपचा नंबर उणे चिन्ह लावून दिला, की सिग्नल सगळ्यांना मिळतो. पण फोर्क झालेल्या, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसमधून जन्मलेल्या, एखाद्या पोराने 'सेटसिड' केलं (स्वतःचं वेगळं सत्र सुरू केलं), की ते त्या ग्रुपमधून बाहेर. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. डीमन (पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम) तर पूर्वापार असंच करत आले आहेत. मग तुम्ही ग्रुपला सिगकिल (थेट मारणारा सिग्नल) पाठवता, प्रॉम्प्ट परत येतो, आणि ते पोर मागे चालूच राहतं.

गोठवण्याचंही तसंच. सिगस्टॉप (थांबवणारा सिग्नल) अडवता येत नाही हे खरं, पण थांबल्याची खबर पालक प्रोसेसला लागते आणि ती त्यावर काहीबाही करू शकते. शिवाय परवानगी असलेल्या कुणीही सिगकाँट (पुन्हा चालू करणारा सिग्नल) पाठवला की गाडी पुन्हा सुरू.

सीग्रुपची यादी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांभाळतो. पोर जन्मतं ते आईबापाच्याच सीग्रुपमध्ये, आणि 'सेटसिड' केल्याने त्यातून सुटका होत नाही. दुसरीकडे जायचं तर सीग्रुपच्या फाइलींवर लिहिण्याचा हक्क लागतो. रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) तो असतो, म्हणून रूट म्हणून चालणाऱ्या कामाबाबत हे कुंपण अभेद्य समजू नका.

सीग्रुपच्या आवृत्ती २ मध्ये 'सीग्रुप.फ्रीझ' फाइल लिनक्स ५.२ पासून (२०१९) आहे. तिच्यात १ लिहिलं की सगळा उपवृक्ष (तो सीग्रुप आणि त्याखालचे सगळे) गोठतो, आणि सिगकाँटने तो जागा होत नाही. मात्र गोठणं तत्क्षणी होत नाही, 'सीग्रुप.इव्हेंट्स'मध्ये 'फ्रोझन १' दिसेपर्यंत थांबायचं. जुन्या आवृत्ती १ मध्ये गोठलेली प्रोसेस वितळवल्याशिवाय मरत नसे. आवृत्ती २ मध्ये ती गोठलेली असतानाही सिगकिलने मरते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

मारण्याची खरी अडचण शर्यतीची. 'सीग्रुप.प्रोक्स' ही गटातल्या प्रोसेसची यादी वाचून एकेक पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) मारत बसलात, तर वाचणं आणि मारणं यांच्या मधल्या वेळात नवी पोरं जन्मतात. फोर्क बाँब (सतत नवी पोरं काढत राहणारा प्रोग्रॅम) असेल तर तुम्ही कायम एक पाऊल मागेच. त्यातच एखादा पीआयडी मोकळा होऊन दुसऱ्याच प्रोसेसला मिळाला, तर भलताच बळी जातो. ५.१४ मध्ये (२०२१) 'सीग्रुप.किल' आलं ते यासाठीच: १ लिहा, आणि कर्नल त्याच वेळी फोर्क होणाऱ्यांसकट सगळा उपवृक्ष मारतो.

तरीही आधी सिगटर्म (आवरून बंद व्हायची विनंती करणारा सिग्नल) द्यावा असं माझं ठाम मत आहे. 'सीग्रुप.किल' फक्त सिगकिल पाठवतं, आणि अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते. सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टमडीसुद्धा मूळ सेटिंगमध्ये सर्व्हिसच्या सीग्रुपला आधी सिगटर्म देतो, सहसा ९० सेकंद वाट पाहतो, आणि मगच सिगकिल.

डिस्क किंवा नेटवर्क फाइलसिस्टमच्या प्रतीक्षेत 'डी' अवस्थेत (मध्येच न उठवता येणाऱ्या झोपेत) अडकलेली प्रोसेस मात्र सिगकिल मिळूनही अनेकदा, ती प्रतीक्षा सुटेपर्यंत जात नाही. म्हणून फाइलीत १ लिहिलं म्हणजे काम झालं असं धरू नका, 'सीग्रुप.इव्हेंट्स'मध्ये 'पॉप्युलेटेड ०' आलं की मगच गट रिकामा समजा.